जुन्या सोसायटीत व्हीलचेअर, वॉकर आणि काठीसाठी वाट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक इथल्या तीन-चार मजली जुन्या इमारतींतून सोसायटीच्या कमिटीला आणि घरच्यांना पडणारे हे प्रश्न आहेत. उत्तरांत मापं जास्त आणि उपदेश कमी आहे, कारण या कामात घोटाळा होतो तो बहुतेक वेळा मापातच.

सुरुवात रॅम्पपासून करायची ना?

नाही, सुरुवात टेपपासून करायची. फाटकापासून त्या माणसाच्या पलंगापर्यंत आणि पलंगापासून संडासापर्यंतची वाट एकदा पूर्ण मोजून काढा. वाटेत जिथे सगळ्यांत कमी रुंदी मिळते ते माप कागदावर लिहा. रॅम्प उत्तम झाला आणि लिफ्टचं दार ७० सेंमीचं निघालं, तर त्या रॅम्पवरून फक्त दूधवाल्याची सायकल चढते.

साध्या व्हीलचेअरची बाहेरून बाहेर रुंदी साधारण ६२ ते ६८ सेंमी असते. स्वतः चाक फिरवणाऱ्याची कोपरं बाहेर येतात, म्हणून दाराची मोकळी जागा ८० सेंमी तरी हवी. ९० मिळाली तर वाद मिटला. मोकळी जागा म्हणजे चौकटीचं माप नव्हे. दार उघडून ते उभं राहिल्यावर समोरच्या चौकटीपर्यंत जे उरतं ते माप. ९० सेंमीच्या चौकटीत प्रत्यक्षात ८०-८२ सेंमीच हाती लागतात. खुर्ची जागच्या जागी वळवायला दीड मीटर बाय दीड मीटर जागा लागते. लिफ्टसमोर, दारासमोर आणि रॅम्पच्या दोन्ही टोकांना ती आहे का ते पाहा. चपलांचं कपाट, कुंड्या आणि मुलांच्या सायकली मोजमाप घेताना हलवू नका. त्या उद्या परत तिथेच येणार आहेत.

रॅम्प किती लांबीचा लागतो?

१:१२ हे प्रमाण पाठ करा. १ सेंमी चढायला १२ सेंमी लांबी, आणि हीसुद्धा सर्वांत तीव्र चालणारी मर्यादा आहे. जागा असेल तर १:१५ करा. म्हातारी माणसं वॉकर घेऊन त्यावरून स्वतःच्या स्वतः जातात.

तुमच्या जोत्याला १५ सेंमीच्या तीन पायऱ्या असतील तर चढ ४५ सेंमीचा. म्हणजे उताराची लांबी ५.४ मीटर. त्यात वर आणि खाली दीड-दीड मीटरचा सपाट भाग धरला की एकूण ८.४ मीटर. हा आकडा ऐकल्यावर सभेत शांतता पसरते आणि मग कोणीतरी म्हणतं, 'एवढा कशाला, अडीच मीटरमध्ये बसवू.' अडीच मीटरमध्ये ४५ सेंमी म्हणजे जवळपास १:५.५. त्यावर स्कूटर चढते, भरलेला सिलिंडर ढकलता येतो. खुर्चीतला माणूस मात्र मागे कलंडतो आणि उतरताना ढकलणाऱ्याच्या हातून खुर्ची सुटते.

सरळ लांबी नसेल तर रॅम्प इंग्रजी एल किंवा यू आकारात वळवा. वळणावर पुन्हा दीड मीटरचा सपाट चौक लागतो. उतारावरच वळण दिलं तर एक चाक हवेत राहतं. बऱ्याच सोसायट्यांत इमारतीला लागून बागेचा एक वाफा असतो, ज्यात दोन क्रोटन आणि एक बंद पडलेला नळ एवढंच असतं. त्या वाफ्यातून भिंतीला समांतर रॅम्प बहुधा बसतो. फक्त ड्रेनेजची चेंबरं आणि पाण्याच्या टाकीचं झाकण त्याखाली गाडली जाणार नाहीत ना, ते आधी बघा.

रॅम्पचं काम देताना कंत्राटदाराला नेमकं काय सांगायचं?

रुंदी १२० सेंमी, कठड्यांच्या आतली. पाया खोदून रबल सोलिंग (दगडांचा थर), वर मुरूम पाणी मारून ठोकून, आणि त्यावर १० सेंमी एम-२० प्रतीचं काँक्रीट. वरच्या हिशेबातल्या ५.४ मीटर उताराला फक्त वरच्या थराचं काँक्रीट साधारण ०.६५ घनमीटर लागतं. सपाट चौकांचं वेगळं. भराव नीट ठोकला नाही तर पहिल्याच पावसाळ्यात तो बसतो आणि रॅम्प व पायरी यांच्या सांध्यात दोन-तीन सेंमीची फट पडते. पुढची लहान चाकं नेमकी तिथेच अडकतात.

पृष्ठभाग झाडूने ओढून खरबरीत ठेवा. ओढ आडवी, म्हणजे चढणीच्या दिशेला काटकोनात. पॉलिश केलेला कोटा किंवा ग्रॅनाइट लावू नका, ओला झाला की साबणासारखा होतो. स्कूटरसाठी करतात तशा खोल आडव्या खाचाही नकोत. खुर्चीचं प्रत्येक चाक त्यात आपटतं आणि पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाला तो प्रत्येक धक्का जाणवतो.

कठडा दोन्ही बाजूंना. एक पाइप ९० सेंमीवर आणि दुसरा ७५ सेंमीवर, जाडी सुमारे ४ सेंमी, भिंतीपासून ५ सेंमी सुटा. उतार संपल्यावर पाइप ३० सेंमी पुढे न्यायचा आणि टोक भिंतीकडे किंवा खाली वळवायचं, नाहीतर साडीचा पदर आणि पिशवीचे बंद अडकतात. लोखंडी पाइप दोन पावसाळ्यांत गंजतो. स्टेनलेस स्टील ३०४ घ्या, समुद्राजवळ ३१६. उघड्या कडेला किमान साडेसात सेंमी उंचीचा काठ द्या, म्हणजे चाक बाजूला घसरत नाही.

खालच्या टोकाला पाणी साचतं का ते बघा. तिथे जाळी टाकायची असेल तर सळ्या जाण्याच्या दिशेला आडव्या आणि फटी १२ मिमीपेक्षा कमी. उभ्या सळ्यांच्या जाळीत पुढचं चाक आणि काठीचं टोक दोन्ही रुततात.

उतार बरोबर झाला की नाही हे आपल्याला कसं कळणार?

६० सेंमीची स्पिरिट लेव्हल घ्या. तिचं वरचं टोक रॅम्पवर टेकवा, बुडबुडा मधोमध येईपर्यंत खालचं टोक उचला आणि त्या टोकाखालची पोकळी मोजा. ५ सेंमी आली तर १:१२. ७-८ आली तर काम परत. हे मोजमाप उताराच्या वर, मध्ये आणि खाली असं तीन ठिकाणी करा, कारण गवंडी वरच्या टोकाला उरलेला फरक हमखास गुपचूप मारून नेतो. काँक्रीट ओलं असतानाच बघितलंत तर दुरुस्ती फुकटात होते. बिलाचा शेवटचा हप्ता या तपासणीनंतर आणि एक बादली पाणी ओतून ते कुठे वाहतं हे पाहिल्यानंतरच द्या.

काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारायचं असतं. त्या दिवसांत संबंधित कुटुंब ये-जा कुठून करणार हे काम सुरू व्हायच्या आधी ठरवा. डायलिसिसला आठवड्यातून दोन-तीनदा जाणाऱ्या माणसाला सात दिवस फार मोठे असतात.

आमच्याकडे खरंच जागा नाही. मग?

आधी मागचा जिना, मीटर रूमकडची बाजू, स्टिल्टमधून लिफ्टकडे जाणारी वाट बघा. पुढच्या दाराचा हट्ट नको. पण मागच्या वाटेवर कचऱ्याचे डबे असतील तर ते हलवण्याचाही ठराव त्याच सभेत व्हायला हवा.

ते जमत नसेल तर प्लॅटफॉर्म लिफ्ट, म्हणजे खुर्चीसकट मीटर-दीड मीटर उचलणारा छोटा सपाट पाळणा. जागा कमी लागते, पण वीज, देखभालीचा करार आणि पावसापासून आडोसा लागतो. घडीचा ॲल्युमिनियम रॅम्प एक-दोन पायऱ्यांसाठी ठीक. तीन पायऱ्यांना तो पुरेसा लांब घेतला तर एकट्या वॉचमनला उचलत नाही. अंगण भरून जोत्याच्या पातळीला आणायची कल्पनाही सभेत निघते. ती करू नका, पहिल्या जोराच्या पावसात पाणी मीटर रूममध्ये आणि लिफ्टच्या खड्ड्यात जाईल.

कमिटी 'बघू' म्हणते आणि विषय पुढे सरकत नाही. रीतसर मार्ग कोणता?

सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात भावना दोन ओळी आणि मापं एक पान असू द्या: चढ किती, रॅम्प कुठून कुठे, रुंदी किती, कोणाच्या पार्किंगला धक्का लागतो का. जोडीला एखाद्या आर्किटेक्टचं साधं रेखाचित्र. विरोध करणाऱ्यांपैकी निम्म्या जणांची हरकत 'माझी गाडी कुठे लावू' एवढीच असते आणि ती चित्र बघून मिटते.

वार्षिक सर्वसाधारण सभेला १४ दिवसांची स्पष्ट सूचना लागते, विशेष सभेला ५ दिवसांची. विषयपत्रिकेवर विषय स्वतंत्र घ्यायला लावा. 'आयत्या वेळचे विषय' यात आलेला ठराव नंतर कोणीही मोडू शकतं. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर कमिटीला विशेष सभा महिन्याभरात बोलवावी लागते. ठरावात जागा, उतार, रुंदी, खर्चाची मर्यादा, पैसे कोणत्या निधीतून आणि काम पूर्ण करायची तारीख या गोष्टी लिहून घ्या. 'रॅम्प करण्यास मान्यता' एवढाच ठराव झाला तर अडीच मीटरवाला रॅम्पच होणार.

खर्च शक्यतो सोसायटीचा असावा. एका कुटुंबाकडून पैसे घेतले की तो 'त्यांचा रॅम्प' होतो, आणि वर्षभरात त्यावर कोणाची तरी बाईक उभी राहते. वापर तसाही सगळ्यांचाच असतो: बाबागाडी, पाय प्लॅस्टरमध्ये असलेला मुलगा, फ्रीज आणणारे हमाल, स्ट्रेचर.

कायदा सोसायटीला लागू होतो का?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे आणि त्याच्या यादीत २१ प्रकारची दिव्यांगता आहे. कलम ४४ नव्या बांधकामांविषयी आहे: सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना इमारत सहज वापरता यावी यासाठीचे, नियम पाळलेले नसतील तर बांधकामाची परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला देऊ नये. कलम ४५ जुन्या 'सार्वजनिक इमारतीं'साठी आहे. तुमची राहती इमारत त्या शब्दांत सरळ बसते असं छातीठोकपणे सांगून सभेत भांडू नका, समोरचा वकील तेवढाच मुद्दा धरेल.

जास्त उपयोगाची बाजू वेगळी आहे. या कायद्यात भेदभावाच्या व्याख्येतच 'वाजवी सोयीसुविधा नाकारणं' धरलेलं आहे. म्हणजे सोसायटीवर बेसुमार बोजा न पडता करता येण्याजोगा बदल, आणि तो तुम्ही लेखी मागितलेला. म्हणून तर अर्जात मापं आणि खर्च हवा. नकार आला तर तोही लेखी मागा आणि पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा. सोसायटीच्या कारभाराबद्दल, म्हणजे सभा न बोलावणं, ठराव न पाळणं याबद्दल तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाते. दोन्ही तक्रारी एकाच कागदावर लिहिल्या की दोन्हीकडून 'आमच्या कक्षेत नाही' असं उत्तर येतं.

८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचा तेव्हाचा नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यात सगळं शिफारशींवर सोडलेलं होतं, आणि बंधनकारक मानकं करायला सांगितलं. आर्किटेक्टशी बोलताना सध्या लागू असलेली मानकं कोणती ते विचारून घ्या.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर मागणी करता येत नाही का?

येते. रॅम्प मागायला ७५ वर्षांच्या आजींना कार्ड कशाला हवं? मात्र प्रवास सवलत, योजना यांसाठी कार्ड लागतं. अर्ज स्वावलंबन संकेतस्थळावर भरायचा, मग नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी. दिव्यांगता ४० टक्के आणि त्यावर, पण ८० च्या आत असेल तर कार्डाला पिवळा पट्टा, ८० पासून पुढे निळा, ४० च्या खाली पांढरा. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात.

लिफ्ट आहे, पण खुर्ची आत मावत नाही.

लिफ्टमधली पाटी वाचा. ६ माणसं, ४०८ किलो असं लिहिलं असेल तर आतलं माप साधारण ११० सेंमी रुंद आणि १०० सेंमी खोल, दार ७० सेंमीचं. खुर्ची पायांसकट १०५ ते १२० सेंमी लांब असते. ८ माणसांच्या लिफ्टमध्ये खोली ११० आणि दार ८०, म्हणजे काठावर पास. व्हीलचेअरसाठी धरलेली लिफ्ट १३ माणसांची, ८८४ किलोची असते. दार ९० सेंमीचं.

लिफ्ट लगेच बदलणं शक्य नसेल तर पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला वळणारी खुर्ची घ्या, लांबी बरीच कमी होते. किंवा लिफ्टपुरती अरुंद खुर्ची खाली वॉचमनकडे ठेवा. लिफ्ट बदलायची वेळ येईल तेव्हा त्याच शाफ्टमध्ये मोठी केबिन बसते का, हे दोन-तीन कंपन्यांकडून मोजून घ्या. लिफ्टला तोल देणारा वजनाचा ठोकळा मागून बाजूला नेल्यावर कधी कधी हवी ती खोली मिळते. जुन्या चॅनल गेटच्या जागी आपोआप सरकणारं दार आलं तर एका हाताने काठी धरणाऱ्याचीही सोय होते.

आणखी एक खोच. बॅटरीवर चालणारं जे सुटका यंत्र लिफ्टला बसवतात ते वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडतं. जवळचा मजला म्हणजे तुमचा मजला नव्हे. चौथ्या मजल्यावर राहणारा माणूस खुर्चीसकट दुसऱ्यावर अडकून बसतो. जनरेटर किंवा इन्व्हर्टरवर लिफ्ट चालवण्याची सोय असेल तर ती दिव्यांग रहिवाशाच्या विनंतीवर लगेच सुरू करायची, असा आदेश वॉचमनच्या वहीत लिहून ठेवा.

इमारतीला लिफ्टच नाही. बाहेरून बसवता येते का?

बऱ्याचदा येते. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल, महापालिकेची परवानगी आणि महाराष्ट्र उद्वाहन, सरकते जिने व सरकते मार्ग अधिनियम, २०१७ खाली लिफ्टची परवानगी व परवाना, एवढं लागतं. पण सावध: स्वस्तात बसते म्हणून लिफ्ट जिन्याच्या मधल्या लँडिंगवर थांबवतात. तिथून घर अर्धा जिना वर किंवा अर्धा जिना खाली. गुडघेदुखीवाल्यांना थोडा आराम, व्हीलचेअरवाल्याला शून्य. एवढा खर्च करून नऊ पायऱ्या तशाच ठेवायच्या असतील तर तो खर्च न केलेला बरा.

जिन्याच्या कठड्याला रूळ लावून सरकणारी खुर्चीही मिळते. ती घडी केल्यावर जिना किती रुंद उरतो ते मोजा, आगीच्या वेळी सगळी इमारत तिथूनच उतरणार आहे. तळमजल्यावरच्या सभासदाशी भाडेतत्त्वावर घर बदलून घेणं हा उपाय कागदावर कोणी लिहीत नाही, पण तो सगळ्यांत लवकर अमलात येतो.

घरातल्या बाथरूमचं काय करायचं?

इथेच सगळ्यांत जास्त पडझड होते, माणसांची. जुन्या घरांत बाथरूमचं दार ७५ सेंमीच्या चौकटीचं, मोकळी जागा ६५ च्या आसपास, आणि खाली कडाप्प्याचा तीन-चार सेंमीचा उंबरा. दार काढून बाहेरून सरकणारं दार लावलं की सहा-आठ सेंमी मिळतात. ते जमत नसेल तर निदान दार बाहेर उघडणारं करा. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्या अंगावरच अडतं.

उंबरा काढायचा असेल तर पाण्याचा उतार दारापासून दूर मोरीकडे द्या आणि दारात लांबट जाळीची नाली टाका. कमोडची बैठक ४५ ते ४८ सेंमीवर. बाजूचा आडवा दांडा बैठकीच्या वर २० सेंमी. दांडा कशात बसवता याला फार महत्त्व आहे: ९ इंची विटांच्या भिंतीत साधे अँकर धरतात, पण हलक्या ब्लॉकच्या ४ इंची भिंतीत ते टाइलसकट उपटून येतात. तिथे केमिकल अँकर (रसायनाने भोकात चिकटवलेला बोल्ट) किंवा आरपार बोल्ट घालून मागे लोखंडी पट्टी. बसवून झाल्यावर घरातल्या सगळ्यांत वजनदार माणसाला त्याला लटकायला सांगा. टॉवेलच्या दांडीला आधाराचा दांडा समजू नये. पडताना माणूस जे हाताला येईल ते धरतो, म्हणून ती दांडी तिथून काढूनच टाका.

अंध किंवा कमी दिसणाऱ्यांसाठी काय?

जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या काठाला ५ सेंमीची पिवळी पट्टी, निदान पहिल्या आणि शेवटच्या पायरीला तरी. लिफ्टला मजला बोलून सांगणारा आवाज आणि उठावदार बटणं. नुसतं हात लागला की दाबलं जाणारं गुळगुळीत काचेचं पॅनल घेऊ नका: त्यावर बोट फिरवून आकडा शोधायला गेलं की वाटेतले सगळे मजले लागतात. ठिपक्यांची टाइल म्हणजे 'थांब', पट्ट्यांची म्हणजे 'चल'. शोभेसाठी उलटसुलट लावल्या तर त्या नसलेल्याच बऱ्या. जिन्याखालची उतरती पोकळी कुंड्या किंवा कठडा लावून बंद करा, पांढरी काठी जमिनीवरचं सांगते, कपाळाच्या उंचीवरचं नाही.

आणि ऐकू न येणाऱ्यांसाठी?

बेलसोबत लुकलुकणारा दिवा, आगीच्या घंटेसोबतही दिवा. वॉचमनने इंटरकॉम करण्याऐवजी मेसेज पाठवायचा.

पार्किंगची जागा ठरवून द्यावी का?

होय, लिफ्टच्या किंवा रॅम्पच्या जवळची, आणि दरवर्षीच्या सोडतीतून वगळलेली. गाडीशेजारी खुर्ची उघडायला १२० सेंमी मोकळे लागतात, म्हणजे एकूण रुंदी ३.६ मीटर. बाजूला जास्तीची चाकं लावलेली स्कूटर साध्या स्कूटरच्या जागेत मावत नाही. यांत्रिक पार्किंगमधली वरची किंवा खड्ड्यातली जागा दिव्यांग चालकाला देऊ नका.

वॉचमनने खुर्ची उचलायची झाली तर?

हाताच्या आणि पायाच्या पट्ट्या धरायच्या नाहीत, त्या निघून येतात. मुख्य सांगाडा धरायचा. ब्रेक, पट्टा आणि 'कसं धरू?' हा प्रश्न, या क्रमाने नव्हे, प्रश्न आधी. तीव्र उतारावरून खाली नेताना खुर्ची उलटी वळवून, ढकलणाऱ्याने पाठमोरं उतरायचं. बॅटरीवरची खुर्ची माणसासकट उचलायची नाही, नुसती खुर्चीच ५० ते १०० किलोंच्या घरात असते.

इमारत पुनर्विकासाला जाणार आहे. आता काय मागून ठेवावं?

तोंडी आश्वासन नको, विकसकाशी होणाऱ्या करारनाम्याच्या तांत्रिक जोडपत्रात मापं लिहून घ्या: प्रत्येक विंगमध्ये किमान एक १३ माणसांची लिफ्ट, घरातल्या प्रत्येक दाराची मोकळी जागा ८० सेंमी आणि मुख्य दाराची ९०, उंबरे १२ मिमीच्या आत आणि तिरप्या काठाचे, एका बाथरूममध्ये दीड मीटरची वळणाची जागा. नकाशावर पार्किंग पोडियमवर, म्हणजे इमारतीच्या खालच्या उंच चौथऱ्यावर, आहे का पाहा. असेल तर रस्त्यापासून पोडियमपर्यंत आणि पोडियमपासून घरापर्यंत एकच लिफ्ट जाते की मध्ये उतरून चार पायऱ्या चढाव्या लागतात, हे विकसकाच्या आर्किटेक्टला सभेत, इतिवृत्तात नोंद होईल असं विचारा. लॉबीत शोभेसाठी दाखवलेल्या दोन पायऱ्या नकाशा मंजुरीला जाण्याआधी खोडायला लावा. नंतर त्या काढायला पुन्हा रॅम्पचीच जागा शोधावी लागते.